कुमुदिनीची खालची टाकी

अर्ध्या मिलिमीटरवरून नवरा-बायकोत अबोला झाल्याचं दुसरं उदाहरण कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. आमच्याकडे तो सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. भिंतीवर फोटो मी टांगला होता. कुमुदिनीने स्वयंपाकघराच्या दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडे उतरलाय." मी म्हटलं, डोळ्याला तर बरा दिसतोय. त्यावर तिचं ठेवणीतलं वाक्य आलं, "अहो, डोळ्याला बरं दिसतं म्हणजे बरोबर असतं असं नाही." मग पट्टी आली, आणि पट्टीनेही तिचीच बाजू घेतली.

कुमुदिनी म्हणजे माझी बायको. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात तिने उभी हयात काढली, आधी ड्रॉइंग ऑफिसात आणि नंतर तपासणी विभागात. मूळची नागपूरची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून सरकारी नोकरी लागली ती थेट मद्रासला. मुलगी इतक्या लांब नोकरी करते आणि ती सोडणार नाही म्हणते, हे कळल्यावर बघायला आलेली स्थळं पोहे खाऊन परत जायची. मी साताऱ्याचा, रेल्वेच्या हिशेब खात्यातला. मीही पोहे खाल्ले, पण परत जाण्याऐवजी मद्रासला बदली मागून घेतली. आमचे थोरले काका म्हणाले, "उमाकांता, बायकोच्या मागे परमुलखात जाणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच." त्यांनी ते चिडून म्हटलं होतं, पण मला ते अजूनही मानपत्र वाटतं.

लग्नाआधीचे काही महिने मी तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये राहिलो. मॅन्शन म्हणजे नावालाच महाल, आत सड्या माणसांच्या कोंदट खोल्या. मग आम्ही वेस्ट मांबलमला घर घेतलं आणि इथलेच झालो. मांबलमहून लोकलने पार्क स्टेशन, तिथे रस्ता ओलांडून सेंट्रल, तिथून आवडीची गाडी, असा तिचा रोजचा प्रवास. पहाटे स्वयंपाक उरकून, डबे भरून ती धावतपळत निघायची आणि जाता जाता कपाळावर टिकली चिकटवायची. आरशात न बघता. रणगाड्याच्या भागातली केसाएवढी चूक पकडणारी ही बाई, पण टिकली कधी मधोमध लागली असेल तर शपथ. मी दारात उभा राहून सांगायचो, "डावीकडे गेलीय." ती बोटाने सरकवायची. "आता?" "आता बरोबर." मग जिना उतरायची. एकदा मी म्हटलं, आरसा लाव की दाराजवळ. तर म्हणाली, "कशाला? तुम्ही आहात ना बघायला."

तिला वाटलं तसा मी होतो खरा, पण पुढे माझे डोळे राहिले नाहीत.

काचबिंदू हा मोठा चोर आहे. कडेकडेने नेतो. आधी मला जिन्याच्या कठड्याचे धक्के बसू लागले, मग ताटातली कोशिंबीर हरवू लागली. डॉक्टरांकडे गेलो तोवर दोन्ही डोळ्यांचं बरंचसं गेलं होतं. थेंब घालून आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. उरली ती समोरची गोल खिडकी, तीही धुरकट. उजेडात सगळं पांढरंफटक पडतं, सावलीत राखेसारखं होतं. माणसं आवाजावरून ओळखायची. बायकोचा चेहरा म्हणजे कपाळाच्या जागी काहीतरी फिकट आणि खाली काहीतरी हलतं, बस.

हे मला एरवी इतकं लागलं नव्हतं. लागलं ते एका सकाळी. शेजारच्या विजयालक्ष्मी आल्या होत्या. त्या तंजावरकडच्या मराठी, त्यांच्या घराण्याला इथे येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, आणि त्यांची भाषा ऐकली की मला पोथीतली एखादी बाई बोलते आहे असं वाटतं, फक्त मध्येमध्ये तमिळ बोलणारी. कुमुदिनीला बघून त्या हसत म्हणाल्या, "अय्यो अक्का, तुमचा पोट्टू भिवयीवर गेला कीं हो! अण्णा सांगटले नाहींत काय?" पोट्टू म्हणजे टिकली. कुमुदिनी काहीतरी पुटपुटली. संध्याकाळी दारामागे खिळा ठोकल्याचा आवाज आला. तिने आरसा लावला होता. मी उशाशी घेतलेल्या रेडिओचा आवाज उगाच मोठा केला.

त्याच सुमाराला दर्शन आला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा कोल्हापूरचा पोरगा, आयटीत. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि त्याच्याकडे खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी होती. प्रवाळ, दोन नारिंगी मासे, गोगलगायी, एक लाल पांढरी कोळंबी. "काकू, दोनच महिने सांभाळा, घर मिळालं की नेतो," म्हणाला. त्याचा अजून पत्ता नाही, आणि तो कधी येऊ नये अशी मी देवाला प्रार्थना करतो. टाकी आमच्या दिवाणखान्यात बसली. कुमुदिनीने तिचे निळे दिवे लावले, खोलीची ट्यूब बंद केली, आणि मी ओरडलो. ती धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

मला दिसत होतं. अंधाऱ्या खोलीत निळ्या उजेडात प्रवाळ पेटल्यासारखे हिरवे-केशरी चमकत होते, आणि त्यांच्यातून नारिंगी मासे पांढरे पट्टे मिरवत जात होते. खुर्ची थोडी मागे घेतली की अख्खी टाकी माझ्या त्या गोल खिडकीत बसायची, ना कमी ना जास्त. कुमुदिनीने खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर पट्ट्या चिकटवून जागा पक्की करून टाकली. त्या दिवसापासून माझं बघणं म्हणजे ती टाकी. वर्तमानपत्र गेलं, टीव्ही गेला, माणसांचे चेहरे गेले, एवढं एक राहिलं. ते गेलं तर माझ्यापाशी बघायला काही उरणार नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

पण पोराने टाकी दिली, तिचं दुखणंही दिलं. मासे खातात, घाण करतात, आणि ती घाण पाण्यात विरघळून राहते. काचेला टांगलेलं छोटं फिल्टर होतं, ते पुरत नव्हतं. महिन्याभरात काचेवर तपकिरी साय धरू लागली, प्रवाळ मिटू लागले. कोळत्तूरला रंगीत माशांचा बाजार आहे, तिथला दुकानदार सुंदर येऊन बघून गेला. म्हणाला, "अम्मा, हिला खाली सम्प पाहिजे." चेन्नईत सम्प म्हटलं की इमारतीखालची पाण्याची टाकी. मी म्हटलं, बाबा रे, तो आहे की आमच्या सोसायटीला. सुंदर हसला आणि समजावून सांगू लागला. या टाकीच्या खाली, कपाटात, दुसरी एक टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली पडणार, खाली त्याचे कप्पे. पहिल्यात कापडी पिशवीतून गाळलं जाणार. दुसऱ्यात एक यंत्र पाण्याला फेस आणणार आणि डाळीवरचा फेस आपण काढतो तशी घाण त्या फेसाबरोबर निघणार. तिसऱ्यात समुद्री शेवाळ वाढवायचं, ते उरलेली घाण खाणार. शेवटच्या कप्प्यातून पंप स्वच्छ पाणी पुन्हा वर ढकलणार. तयार सम्प त्याच्याकडे होता, पण आमच्या कपाटात तो शिरत नव्हता. कुमुदिनीने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, कपाटाची मापं घेतली आणि म्हणाली, "मी करते."

निवृत्तीनंतर गुंडाळून ठेवलेला ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली आला. वरून, समोरून, बाजूने, असे तिन्ही नकाशे झाले. काचवाल्याने तिला काचा कापून दिल्या आणि तिने त्यातल्या दोन परत पाठवल्या. तो बिचारा म्हणाला, अम्मा, एवढं कोण बघतं? काय उत्तर मिळालं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

मग दिवाणखान्यात वर्तमानपत्रं पसरून आमचा कारखाना सुरू झाला. मला काम मिळालं काच धरून उभं राहण्याचं. "हलू नका." मी हलत नव्हतो. "श्वास हळू घ्या." सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो दोन दिवस घरभर होता, आणि मला भजी खावीशी वाटत होती. सांधे वाळल्यावर तिने माझा हात धरला आणि तर्जनी कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवली. "डोळ्यांचं सोडा, तुमचं बोट काय म्हणतं ते सांगा." एका जागी मला मोहरीएवढा फुगा लागला. तिने तिथला सांधा कापून पुन्हा भरला. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस असा पुन्हा कामावर घेतला जातो तेव्हा त्याला काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. भजी मात्र त्या संध्याकाळी झाली.

चेन्नईच्या मे महिन्यात वीज जाणार हे तिने गृहीत धरलं होतं. पंप थांबला की वरचं काही पाणी खाली उतरणार, तर खाली तेवढी रिकामी जागा हवी, नाहीतर सगळं खालच्या मजल्यावर. तिने हिशेब करून खालच्या टाकीच्या काचेवर एक पट्टी चिकटवली आणि मेन स्विच बंद केला. खळखळ झाली, मग थेंब थेंब, मग शांत. माझं बोट तिने पाण्यावर टेकवलं. पाण्याची वरची कड बरोबर पट्टीला लागलेली. तिने टाळी वाजवली नाही की काही नाही, फक्त म्हणाली, "हं." आवडीच्या कारखान्यात या "हं"साठी मोठमोठे इंजिनिअर घाम पुसत उभे राहायचे असं मी ऐकून आहे.

आता समुद्र हवा होता. तो चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या कोवलमहून यायचा. तिथे रघु नावाचा एक मच्छीमार आहे. त्याची नाव पहाटे लाटांपलीकडे जाते, तिथलं स्वच्छ पाणी तो कॅन भरून आणतो, आणि मासळीच्या टेम्पोतून ते शहरात येतं. उकाड्यात टाकीतलं पाणी रोज उडून जातं, पण मीठ मागे राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागतं, तेही अगदी शुद्ध. आमच्या घरच्या फिल्टरचं पाणी चालतं, सुंदरने सांगितलं होतं.

इथे कुमुदिनीने ते केलं जे तिच्या आईने केलं असतं आणि आजीनेही. घरातलं चांगलं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायचं. नागपूरहून आलेला तांब्याचा हंडा आमच्याकडे आहे, तिच्या आईच्या वापरातला. दर शुक्रवारी चिंचेने घासून लख्ख होतो. प्यायचं पाणी त्यात, देवाच्या पूजेचं त्यातलंच. टाकीचं पाणी मग प्लास्टिकच्या बादलीत कसं ठेवायचं? कपाटाशेजारी तिपाईवर हंडा बसवला, त्यातून बारीक नळी खालच्या टाकीत सोडली, टोकाला तरंगती झडप लावली. पाणी उतरलं की हंड्यातून आपोआप भर पडणार. मला हंडा दिसत नव्हता, पण विजयालक्ष्मी म्हणायच्या की देव्हाऱ्याजवळ शोभेल असा दिसतो.

पहिले काही आठवडे मजेत गेले. पाणी असं निवळलं की मासे हवेत पोहतायत असं वाटे. प्रवाळ फुलले. मी सकाळ-संध्याकाळ पट्ट्यांवरच्या खुर्चीत बसायचो आणि मला राजा झाल्यासारखं वाटायचं.

मग गोगलगायी पडू लागल्या. काचेवरून सुटून खाली, उलट्या. कोळंबी एका सकाळी कोपऱ्यात निपचित सापडली. शेवाळ पांढरं पडलं. मग प्रवाळ मिटले, आणि मिटलेले उघडेनात. निळ्या उजेडात जिथे केशरी-हिरवं पेटायचं तिथे मला करडे गोळे दिसू लागले. मासे तेवढे ठीक होते, खात होते. कुमुदिनीने पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, सुंदरने दिलेल्या बाटल्यांतले थेंब घालून रंग जुळवून बघितले. सगळं ठीक. पंप ठीक, प्रवाह ठीक, मीठ ठीक.

ती जेवेनाशी झाली. बोटांनी ताटात रेघा काढत बसायची, मला आवाज यायचा. एकदा म्हणाली, "आधी नुसती साय होती. मी सम्प बसवला आणि मरायला लागले. माझ्याच कामात काहीतरी आहे." मी म्हटलं, अगं, प्राणी आहेत, मरतात. ती म्हणाली, "तुम्हाला काय दिसतंय आता?" मी म्हटलं, "आहे की, दिसतंय." मला खोटं बोलता येत नाही. पदर डोळ्याला लावल्यासारखा आवाज झाला.

सुंदरचंही मत पडलं की सिलिकॉन चुकीचं असेल, सम्प काढून टाका. नवरात्र चालू होतं. कुमुदिनीने सांधे कापायचं पातं काढलं, पंप बंद केला, आणि कपाटापुढे बसली. तेवढ्यात विजयालक्ष्मी हळदी-कुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या, सोबत त्यांच्या कोलूपुढचं, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांपुढचं, सुंडल, म्हणजे वाटपाचे फोडणीचे हरभरे. पातं बघून त्या आधी घाबरल्या, मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून हंड्याकडे वळल्या.

"अक्का, हंडा रोंब सुरेख ठेविलांत. आमचे मामनारही अस्के पाणी तांब्यांतच ठेवीत." रोंब म्हणजे फार, अस्के म्हणजे सगळं, आणि मामनार म्हणजे त्यांचे सासरे. "सांगत, देवाचें तीर्थ तांब्यांत कां? तर तांब्यांत किडा जगत नाहीं, शेवाळ धरत नाहीं. विहिरींतही तांब्याचा पैसा टाकीत ते."

"सुंडल घ्या तुम्हीही," मी म्हटलं. कुमुदिनीने वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"तांब्यांत किडा जगत नाहीं, म्हणून..."

"किडा जगत नाही," कुमुदिनी म्हणाली. "शेवाळ धरत नाही." आणि मग अगदी हळू, "गोगलगाय जगत नाही. कोळंबी जगत नाही."

ती उठली. फिल्टरचं पाणी तर अगदी कोरं, क्षार काढून टाकलेलं, ते धातूला लवकर खातं, हे रणगाड्यांच्या कारखान्यात काम केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको होतं. ते तिला ठाऊक होतं. पण ते कारखान्यातलं ठाऊक होतं, आणि हंडा आईचा होता. हे दोन्ही कधी एकमेकांसमोर आलेच नव्हते. रोज थोडं थोडं तांबं, महिनोन्महिने, आणि तिने घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून वाढलेलं. विजयालक्ष्मींना काहीच कळेना. आपण काय बोललो, अक्का रडतात का हसतात, हेच त्या मला विचारत राहिल्या. त्यांचे मी आजवर किती आभार मानलेत, आणि त्यांना अजून वाटतं की मी सुंडलाबद्दल बोलतो.

त्या दिवशी कुमुदिनीने पहिल्यांदा माझ्यापुढे हात टेकले. "अहो, मीच विष घातलं," म्हणाली. मी तिला म्हटलं, मोजून शंभर गोष्टी बरोबर करणाऱ्या बाईची एक चूक आईच्या हंड्यावर भरवसा ठेवल्याची असेल, तर मला ती चूक मान्य आहे. मी अजून बरंच म्हटलं. एवढी वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हटलं. तू मला या शहरात आणलंस, समुद्र दाखवलास, आणि डोळे गेल्यावर समुद्र उचलून घरात आणून दिलास, आता काय द्यायचं राहिलंय. ती म्हणाली, "पुरे. पंप चालू करते."

पुढचं मदतीनेच झालं. पाणी बदलायला हवं होतं, भरपूर. कोवलमच्या रघुला फोन केला. वादळाचं वातावरण होतं, नावा किनाऱ्याला बांधलेल्या. तरी एक दिवस समुद्र जरा निवला तेव्हा तो पलीकडे जाऊन आला, आणि कॅन स्वतः तीन मजले चढवून दिले. आमच्याकडे लिफ्ट आहे, ती बंद होती. मी म्हटलं, रघु, फार उपकार झाले. तो म्हणाला, "अय्या, मासे जगवायला पाणी न्यायचं काम मला पहिल्यांदाच मिळालंय. रोज उलटंच असतं." सुंदरनेही फेऱ्या घातल्या. तांबं शोषून घेणारं एक कापड त्याने आणून दिलं, ते पाण्याच्या वाटेत ठेवायचं. ठेवायला जागा होती, कारण खाली कप्पे होते. जो सम्प कुमुदिनी कापायला बसली होती त्याच्याच पहिल्या कप्प्यात ते कापड बसलं. दोन दिवसांनी तिने ते काढून माझ्या खिडकीसमोर धरलं आणि दिव्याखाली नेलं. "दिसतंय?" पांढरं कापड निळसर हिरवं झालं होतं. मला दिसत होतं. ते आम्ही टाकलं नाही, वाळवून ठेवलंय. मी त्याला तिचं निवृत्तीनंतरचं प्रशस्तिपत्रक म्हणतो आणि ती लाटणं दाखवते. हंडा परत देवाजवळ गेला, टाकीला पांढरा साधा कॅन लागला.

सुंदरने नवं शेवाळ दिलं आणि ते लवकर धरावं म्हणून खालच्या कप्प्यावर लावायला एक प्रखर दिवाही. मावळत्या वेळी तो आपोआप लागतो.

प्रवाळ उघडायला वेळ लागला. आधी एक टोक, मग दुसरं. एका सकाळी मी चहाचा कप हातात घेऊन बसलो होतो आणि टाकीच्या मधोमध केशरी ठिणगी दिसली. मी ओरडलो नाही, कप सांडला. कुमुदिनी फडकं घेऊन आली, तिनेही वर पाहिलं, आणि फरशी पुसायची राहून गेली. त्या केशरीसाठी मी विजयालक्ष्मींच्या सासऱ्यांचाही ऋणी आहे, आणि त्या बेपत्ता दर्शनचाही.

पण मला जे सांगायचंय ते याच्यानंतरचं आहे.

दिवेलागणीची वेळ होती. वरचे दिवे अजून लागले नव्हते, ट्यूब बंद होती, कारण मी खुर्चीत बसलो की ती ट्यूब बंद करते. कुमुदिनी शेवाळ बघायला कपाटापुढे छोट्या पाटावर बसली आणि तिने दार उघडलं. आतला प्रखर उजेड एकदम बाहेर आला आणि तिच्या तोंडावर पडला. मागे सगळा अंधार, आणि त्या माझ्या गोल खिडकीच्या बरोबर मध्ये कुमुदिनी.

मला तिचा चेहरा दिसला. राखेचा ठिपका नव्हे, चेहरा. भुवया दिसल्या, ओठ आवळून ती पाण्यात बघत होती ते दिसलं, केस किती पांढरे झालेत ते दिसलं. माझ्या नकळत झाले होते ते. बायकोच्या तोंडावर टॉर्च मारून बघायचं कोणा नवऱ्याला सुचतं? आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो, हललो तर जाईल म्हणून. "हलू नका" हे तिने मला शिकवलंच होतं.

तिने हाताच्या पाठीने कपाळावरचा घाम पुसला.

"कुमुदिनी," मी म्हटलं, "टिकली डावीकडे गेलीय."

पाण्यातला तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. तिने बघितलं तेही मला दिसलं.

"किती?" तिने विचारलं.

"अर्धा मिलिमीटर."

तिने ओलं बोट पुसलं आणि टिकली सरकवली. "आता?"

"आता बरोबर."

त्या दिवशी शेवाळाचं काम काही संपेना. एरवी दोन मिनिटांचं काम, पण ती दार उघडं ठेवून तशीच बसून राहिली, गुडघे दुखतात तरी.

त्याला आता बरेच दिवस झाले. विजयालक्ष्मी परवा दुपारी येऊन म्हणाल्या, "अक्कांचा पोट्टू हल्लीं कसा नेमका मधोमध असतो." मी म्हटलं, दारामागे आरसा आहे ना. दुपारी तो मधोमधच असतो, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण संध्याकाळी खालचा दिवा लागतो, कुमुदिनी पाट घेऊन दार उघडते आणि माझ्यासमोर बसते, तेव्हा तिची टिकली वाकडी असते. रोज. कधी डावीकडे, कधी उजवीकडे.